शेवटच्या थेंबावरचं आपलं भांडण

भाऊ, परवा विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला माणसं मावली नाहीत. बाहेर चटया टाकाव्या लागल्या. लोक चांगलं बोलले. तू कोणाच्या दाराची जाळी बसवून दिलीस, कोणाला हाताला धरून वेल्डिंग शिकवलंस, सगळं निघालं. मग तुझ्या जुन्या ओळखीचे एक गृहस्थ उठले आणि म्हणाले की दिवाकरभाऊ म्हणजे शांत माणूस, जन्मात कोणाशी वाद घातला नाही. वहिनीनं पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, रडू आलं. मला माहीत होतं, तिला हसू आलं होतं.

मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि सांगितलं की हे खरं नाही. हा माणूस माझ्याशी अर्धा जन्म भांडला आणि भांडण अर्ध्यात टाकून गेला. मेलेल्याला शांत ठरवून मोकळं होणं सोपं असतं, पण हा माझा भाऊ आहे, मी त्याला असा गुळगुळीत होऊ देणार नाही. मग पंचशील झालं, खीर वाटली, लोक गेले.

तेव्हा आता ऐक. मधेच तोंड घालायची तुझी खोड या खेपेला चालायची नाही. तू गेल्याचा मला झालेला फायदा एवढाच, आणि तो मी पुरेपूर घेणार आहे.

बाहेरच्या कोणाला सांगितलं तर पटणार नाही. जामुलच्या रस्त्यावर वेल्डिंगचं दुकान चालवणारा भाऊ, शाळेत भूगोल शिकवणारी बहीण, आणि भांडण घराच्या वाटणीचं नाही की मानपानाचं नाही. जगातलं तेल संपत आलं की देश एकमेकांशी कसे वागतील, यावर. तू म्हणायचास, गळे कापतील. मी म्हणायचे, बसून वाटून घेऊ शकतात. चहा गार व्हायचा, वहिनी दुसरा ठेवायची, तोही गार व्हायचा.

पण तुझ्यासाठी तो पुस्तकातला प्रश्न नव्हता, हे मी कधी विसरले नाही.

तू आयटीआय करून गल्फला गेलास तेव्हा मी कॉलेजात होते. बाबा भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये, आपण सेक्टर दोनच्या क्वार्टरात. तू तिकडे तेलाच्या पाइपलाइनवर होतास. तुझ्या पत्रांत ऊन असायचं आणि जेवण असायचं, बाकी काही नसायचं. मग एका पहाटे शेजारच्या देशाचे रणगाडे तुझ्या शहरात शिरले. तेलासाठी शिरले, असं बाबा रेडिओ ऐकून सांगायचे. तुझी पत्रं थांबली. आई रोज पोस्टमनच्या वेळेला फाटकात जाऊन उभी राहायची. तो पुढं गेला की आत येऊन तांदूळ निवडायला बसायची, जशी काही ती फाटकात गेलीच नव्हती.

पावसाळा सरता सरता तू आलास. हातात पिशवीसुद्धा नव्हती. अंगणात बसून पाणी मागितलंस, आणि पहिला आठवडा तू पाणी मागण्यापलीकडे फारसं बोलला नाहीस. गोष्ट नंतर सांगितलीस, आणि मग सेक्टरभर सांगितलीस. तुम्ही कामगारांनी दोन ट्रक मिळवले, दोन्हींत आपलीच माणसं, आणि वाळवंटातून सरहद्दीकडे निघालात. अर्ध्या वाटेत डिझेल संपत आलं. मागून पाकिस्तानी कामगारांचा ट्रक आला. ते थांबले. त्यांनी आपल्या टाकीतलं अर्धं डिझेल नळीनं ओढून तुमच्या पिंपात काढून दिलं. नळी तोंडानं ओढणारा त्यांचा म्हातारा मिस्त्री खोकला, थुंकला आणि हसला, इथं आलास की तुझा आवाज बदलायचा. शेजारपाजारचे लोक डोळे पुसायचे. मीही पुसले.

ती गोष्ट अर्धीच होती, हे मला फार वर्षांनी कळलं.

मी शाळेत लागले. ऊर्जेची साधनं हा धडा आला तेव्हा मी वर्गात सांगितलं की कोळसा, तेल यांचे साठे संपणारे आहेत, म्हणून देशांना एकमेकांशी बोलून वापर ठरवावा लागेल. संध्याकाळी तुझ्याकडे आले आणि मोठ्या हौसेनं ते तुला सांगितलं. तू दुकानातून नुकताच आला होतास, चष्म्याचे वळ अजून डोळ्यांभोवती होते.

"वने, तू पोट्ट्याईले खोटं कावून शिकवून राहिली?" तू म्हणालास. "तेल हाय तवरच हे सारे सभ्य. शेवटच्या थेंबाले कोनी कोनाचा नाई."

मी म्हटलं, तुलाच त्या मिस्त्रीनं डिझेल दिलं ना. तू म्हणालास, तो माणूस होता, देश नव्हता. माणूस देतो. देश हिसकतो. हे तुझं वाक्य मी नंतर इतक्या वेळा ऐकलं की त्याच्यावर आपलं भांडण सुरू व्हायचं आणि त्याच्यावरच थांबायचं.

आपण काय काय ओढून आणलं त्या भांडणात. मी राजहऱ्याच्या खाणी काढल्या. म्हटलं, ज्या डोंगरांतल्या लोखंडावर ही भिलाई उभी राहिली ते डोंगर संपत आले, तरी प्लांट बंद पडला का, पुढचे डोंगर शोधले, रेल्वे टाकली, आधीपासून ठरवून केलं. तू म्हणालास, ते एका सरकारचं होतं, आणि त्या पुढच्या डोंगरांत राहणाऱ्याईले कोनी विचारलं का ते पाहून ये. मला ते झोंबलं, कारण ते खरं होतं. मग मी नदी काढली. आपलं राज्य आणि शेजारचं ओडिशा एकाच नदीच्या पाण्यावरून वर्षानुवर्षं वाद घालतात. तू खूश झालास. म्हणालास, पाय, भांडून राहिले ना. मी म्हटलं, हो, भांडूनच राहिले. पण वकील लावून भांडून राहिले, टेबलावर. त्या नदीवर कोणी रणगाडे आणले नाहीत. मला हेच तर म्हणायचं आहे. भांडण बंद व्हावं असं मी कुठं म्हणते?

तेव्हा तू गार झालेला चहा पिऊन टाकलास, पण हार मानल्यासारखा नाही. तू पुढचं हत्यार शोधत होतास.

ते हत्यार मीच तुझ्या हातात दिलं. एकदा चिडून मी आजाच्या गावची विहीर काढली. आपल्या लोकांना त्या विहिरीवर पाणी भरू देत नसत, हे आपण बाबांकडून लहानपणापासून ऐकलेलं. मी विचारलं, त्या विहिरीले पानी कमी होतं का? तू म्हणालास, नाही, भरलेली होती. मी म्हटलं, मग टंचाईनं माणूस वाईट होतो हे खरं नाही, मालकी गाजवण्यानं होतो. टंचाईला घाबरायचं कारण नाही, त्या मालकीशी लढायचं.

तू खुर्ची पुढं ओढलीस. मग हळूच म्हणालास, "भरल्या विहिरीवर लोक असे वागले, वने. तर आटल्यावर कसे वागतीन?"

घरी जाताना पूर्ण रस्ताभर मी उत्तर शोधलं, सापडलं नाही. त्या एका प्रश्नावर तू मला कित्येक वर्षं गप्प ठेवलंस, आणि मी गप्प झाले की तुला बरं वाटत नसे, हेही मला दिसायचं. तू मुद्दाम वेगळा विषय काढून मला चिडवायचास, म्हणजे मी पुन्हा बोलावं.

ट्रकवाल्यांचा संप झाला ते दिवस आठवतात? टँकर येणं थांबलं आणि शहरात एकच धावपळ. मी स्कूटी घेऊन नेहरू नगरच्या चौकातल्या पंपावर गेले तर हायवेपर्यंत रांग. लोक कॅन घेऊन आलेले, एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. एकानं दुसऱ्याची कॉलर धरलेली. पंपावरची पोरं मशीन बंद करून आत जायच्या बेतात. आणि मधोमध तू, तुझ्या जुन्या मोटरसायकलवर उभा राहून ओरडत होतास. पहिले अँबुलन्स, म्हणत होतास. मग दवाखान्यात ड्यूटीवाले. कॅनमधे कोणाले नाई भेटनार, गाडीत थोडंथोडं साऱ्याईले. एक जण तुला शिव्या देत पुढं घुसला तर तू त्याच्या गाडीची चावी काढून खिशात टाकलीस, आणि त्याचा नंबर आल्यावर परत दिलीस. संध्याकाळपर्यंत तिथं होतास. तुझा नंबर येण्याआधी पंप कोरडा झाला. तू गाडी ढकलत घरी आलास, आणि मी स्कूटी तिथंच लावून दुसऱ्या बाजूनं हात लावला.

रस्त्यात मी म्हटलं, आज तू माझ्या बाजूनं होतास. तू धापा टाकत होतास, तरी थांबलास. म्हणालास, पंपावर एकमेकाचं तोंड दिसते. ज्याच्या गाडीत टाकू नका म्हणतो त्याचं पोरगं मागच्या सीटवर बसलेलं दिसते. देशाले तोंड नसते, वने. मी म्हटलं, मग देशांना समोरासमोर बसवावं लागेल, तोंड दिसेल असं. तू हसलास आणि म्हणालास की आता ढकल.

असं सगळं हसण्यावारी जात होतं, प्रज्ञाची नोकरी येईपर्यंत.

तुझी पोरगी इंजिनिअर झाली तेव्हा तू दुकानात आलेल्या प्रत्येकाला पेढा दिलास. पण तिला गल्फमधल्या रिफायनरीत नोकरी लागली आणि तुझं घर पेटलं. तू नाही म्हणालास. ती म्हणाली, जाणार. तू मला बोलावून घेतलंस, मी तिला समजावेन म्हणून. मी आले, दोघांचं ऐकलं, आणि म्हटलं की तिला जाऊ दे. तुझा चेहरा मला अजून दिसतो. रागापेक्षा जास्त काहीतरी होतं त्यात. तुझ्याच माणसानं तुला वाळवंटात सोडलं असावं, तसं.

आणि मग तू गोष्टीचा दुसरा अर्धा भाग सांगितलास. प्रज्ञासमोर, वहिनीसमोर, पहिल्यांदा. त्या पाकिस्तानी लोकांनी दिलेलं डिझेलचं पिंप तुमच्या पुढच्या ट्रकवर ठेवलं होतं. थकून सगळे वाळूत झोपले. उजाडलं तेव्हा पुढचा ट्रक नव्हता. पिंपासकट गेला होता. तुमच्याच कामावरची, तुमच्याच भाषेची माणसं. ज्यांच्याबरोबर तुम्ही आदल्या दिवशी एका डब्यातून खाल्लं होतं.

मी विचारलं, मग तू सरहद्दीपर्यंत पोचला कसा?

"मागून गाड्या येत होत्या. त्याईनं एकएक जन उचलला."

"कोनाच्या गाड्या?"

"साऱ्याईच्या. कोन बांगलादेशी, कोन मिसरचे. कोन कोनाले इचारते तिथं."

"मंग त्या गाड्या मोज ना, भाऊ. त्या कितीतरी होत्या. तो एकच होता."

तू म्हणालास, "मोजतो. पन झोपेत मले तोच एक ट्रक दिसते."

पण प्रज्ञा गेली. मी तिला रायपूरच्या विमानतळावर सोडायला गेले, तू आला नाहीस. नंतर काही महिने तू माझ्याशी बोलला नाहीस. मी यायचे, तू दुकानात जायचास. वहिनी दोन्हीकडचे निरोप वाहून थकली. शेवटी एका रविवारी मी आले तेव्हा तू पेपर वाचत होतास, आणि पेपरातून डोकं न काढता म्हणालास की हे पाय, तिकडे पुन्हा दोन देशाईची वाजली, समुद्रातल्या तेलाच्या जागेवरून, दोघं म्हनते आमची. मी खुर्ची ओढून बसले. वहिनीनं चहा ठेवला. मला इतकं हायसं वाटलं की मी त्या दिवशी मुद्दाम नीट भांडले, एकही मुद्दा सोडला नाही.

फुप्फुसं तुझी आधीच खराब झालेली. धूर, वाळू, वय, काय काय ते डॉक्टर सांगायचे. या वर्षी तुला दवाखान्यात ठेवलं, आणि नेमकं त्याच वेळी तिकडं पुन्हा बिघडलं. वॉर्डातल्या टीव्हीवर दिवसभर तेच. आकाशात धूर, बंद विमानतळ, तेलाचे भाव. प्रज्ञा होती तो देश लढत नव्हता, पण तिथून विमानं उडत नव्हती. तिचा फोन कधी लागायचा, कधी नाही. आम्ही टीव्ही बंद करायला सांगितला तर तू सिस्टरला सांगून चालू करवलास. म्हणालास, पाहू द्या, मले ओळखीचं हाय.

शेवटच्या दुपारी वहिनी खाली औषध आणायला गेली होती. मी तुझ्या पायाशी बसले होते. तू ऑक्सिजनचा मास्क बाजूला केलास. म्हणालास, "आता सांग, वने. कोन बरोबर?"

तुझ्या आवाजात जिंकल्याचा लवलेश नव्हता. तू खरंच विचारत होतास. तू जे होईल म्हणाला होतास तेच झालं होतं, तुझी पोरगी तिथंच अडकली होती जिथं तू अडकला होतास, आणि तिला जायला मी सांगितलं होतं. माझ्या तोंडात खूप काही आलं. मी एवढंच म्हटलं की आधी बरा हो, मग सांगते. तू मान हलवलीस आणि मास्क परत लावलास. तुला ते उत्तर आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

म्हणून हे सांगते आहे. तुला बरं व्हायचं नव्हतं, तर ठीक आहे, असंच ऐक.

तुला नेलं तेव्हा प्रज्ञा इथं नव्हती. ती त्यानंतर आली, तोंड काळवंडलेलं, बूट वाळूनं भरलेले. वहिनीच्या गळ्यात पडून रडली, झोपली, उठून पुन्हा रडली. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि कशी आली ते सांगितलं. त्यांच्या कामावरच्या लोकांना बसनं शेजारच्या देशाच्या सरहद्दीवर नेलं. तोच देश, भाऊ, ज्याच्याबद्दल तू पेपर वाचून मला सांगत होतास. समुद्रातल्या त्या तेलाच्या जागेवरून ज्यांचं वाजलेलं, ते हे दोघं. त्यांच्या पुढाऱ्यांनी काही दिवसांपूर्वीच एकमेकांना टीव्हीवर धमक्या दिल्या होत्या. बसमधल्या सगळ्यांना वाटत होतं, दार बंद असणार.

दार उघडं होतं. फाटकापाशी ताडपत्रीखाली एक टेबल होतं. एकच. त्याच्यामागे दोन अधिकारी, एक इकडचा, एक तिकडचा, खांद्याला खांदा लावून. एक पासपोर्ट पाहायचा आणि बाहेर गेल्याचा शिक्का मारायचा, दुसऱ्याकडे सरकवायचा, तो आत आल्याचा मारायचा. व्हिसा कोणाला मागितला नाही. हजारो माणसं गेली असतील, ती म्हणाली, हिंदुस्थानी, फिलिपिनो, नेपाळी, पाकिस्तानी.

"और आत्या, दोघं सारखे भांडून राहिले होते," प्रज्ञा म्हणाली. "जोरात. अरबीमधे. मले वाटलं आता एक उठून जाईन. मैंने साथ वाली से पूछा, ती भाषा समजते तिले, ये लोग किस बात पे लड़ रहे हैं. ती म्हणे तेलावरूनच. समुद्रातली ती जागा कोनाची, त्याच्यावरून. पन हात नाई थांबला, आत्या. लड़ते जा रहे थे, ठप्पा लगाते जा रहे थे."

मी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, कारण हे ऐकायला तू नव्हतास. ती थोडी आधी पोचली असती तर मी दवाखान्याचे जिने धावत चढले असते.

आता तू म्हणशील, ते दोन कारकून होते, देश नव्हते. नाही, भाऊ. या खेपेला हे चालणार नाही. ते दोघं आपल्या मनानं येऊन बसले नव्हते. त्यांच्या अंगावर सरकारचा गणवेश होता. कुठल्यातरी खोलीत दोन्हीकडच्या लोकांनी फोनवर भांडून भांडून ठरवलं होतं की आपली जागा आपली, पण ही माणसं जाऊ द्यायची. ते टेबल म्हणजे देश होता. दोन देश होते. आणि त्यांना तोंड होतं.

आणखी ऐक. तू ज्या प्रश्नावर मला इतकी वर्षं गप्प केलंस त्याचं उत्तरही आलं आहे. पुण्यानुमोदनाला गावाहून बाबांचे चुलतभाऊ आले होते, नाना. त्यांना आता नीट दिसत नाही, पण आठवतं सगळं. मी त्यांना विचारलं, ती विहीर आपल्या लोकांना कधी मोकळी झाली? मला वाटलं होतं, कायदा आला तेव्हा, किंवा कोणी मोठा साहेब आला तेव्हा. नाना म्हणाले, ज्या वर्षी आटली त्या वर्षी.

मी म्हटलं, नाना, नीट सांगा.

त्यांनी सांगितलं. त्या उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसला. खोल खणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि खडक फोडणं आपल्या लोकांनाच येत होतं. गावानं खणायला बोलावलं. आपली माणसं पहारी घेऊन गेली, आणि काठावर बसून राहिली. म्हणाली, खणतो, पण पाणी लागलं की आम्हीही भरू. नाहीतर कोणीच नाही पिणार. मोठं भांडण झालं. दोघांची डोकी फुटली, त्यात आपल्या आजाचं एक. आपल्या बायांनी लांबच्या ओढ्याच्या वाळूत झिरे खणून पाणी आणलं, पण आपली माणसं उठली नाहीत. शेवटी गावाला कबूल व्हावं लागलं. खणली, पाणी लागलं, आणि त्या दिवसापासून सगळ्यांच्या दोऱ्या एका रहाटावर.

भरलेली होती तेव्हा त्यांना आपली गरज नव्हती, भाऊ. आटली तेव्हा पडली. तू विचारलं होतंस, आटल्यावर कसे वागतील. हे असे वागले. प्रेमानं नाही, शहाणपणानंही नाही. आपले लोक काठावरून उठले नाहीत म्हणून. टंचाई आली की लांडगेच निघतात असं तुला वाटायचं. मी म्हणते, त्याच दिवशी बसून राहणाऱ्याला पहिल्यांदा किंमत येते. तेल आटेल तेव्हाही असंच होईल, असं मी म्हणत नाही. डोकी फुटतील हे मला कबूल आहे. पण काठावर कोण बसून राहतं, त्यावर पुढचं ठरेल, आणि ते आधी ठरलेलं नसतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी तुझ्याशी भांडले. त्या पहारी आपल्या घरातल्या होत्या, आणि आपल्या दोघांनाही ते माहीत नव्हतं.

तू नानांशी बोलायला हवं होतंस. मीही.

प्रज्ञा परत जाते आहे. तिकडं जरा निवळलं, विमानं सुरू झाली, कामावर बोलावणं आलं. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, मी काय म्हणते म्हणून. मी वहिनीजवळ बसले आणि तिचा हात धरला, पण प्रज्ञाला थांब म्हटलं नाही. मला भीती नाही असं समजू नको. मला तो पळून गेलेला ट्रक आता तुझ्यासारखाच दिसतो, डोळे मिटले की. पण त्या ट्रकच्या भरवशावर मी पोरीचं आयुष्य बांधणार नाही. काल ती बॅग भरताना म्हणाली, आत्या, बाबा असते तर काय म्हणाले असते? मी म्हटलं, भांडला असता, आणि विमानतळावर आला नसता. ती हसली. मग म्हणाली, कैसे नहीं आते, मैं खींच के ले जाती उनको.

उद्या माझी दहावीची पोरं विचारणार आहेत, टीव्हीवर पाहिलेलं. तेल संपलं की काय होईल, मॅडम? दरवर्षी विचारतात, या वर्षी घाबरून विचारतील. मी ठरवलं आहे. आधी तुझी बाजू मांडणार. ते पिंप, तो ट्रक, राजहऱ्याच्या पुढचे डोंगर, सगळं. पातळ करून नाही, तू मांडली असतीस तशी, त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून. अर्धा वर्ग तुझ्याकडे झाला तरी चालेल. पूर्ण वर्ग झाला तरी चालेल.

मग मी बोलीन.